पन्नास मिनिटं वजा

५ फेब्रुवारी

चि. बाळ,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. टपालवाला दारात उभा होता, त्याच्यासमोर पाकीट फोडलं नाही. आत आलो, गॅस बंद केला, चष्मा शोधला, मग फोडलं. सात ओळी आहेत. चौदा महिन्यांनी सात ओळी, म्हणजे महिन्याला अर्धी, असं तुझी आई म्हणाली असती. मी म्हणत नाही. मला पुष्कळ झाल्या.

मागच्या महिन्यात वॉर्डात तुझ्या हातून चूक झाली, एका आजोबांना सकाळचं इंजेक्शन दोनदा दिलं गेलं, हे वाचून काळजी वाटली. त्यांना काही झालं नाही हे पुढच्याच ओळीत लिहिलंस ते बरं केलंस. तुमच्या मेट्रनबाई म्हणाल्या, "रडायचं तेवढं आज रडून घे, उद्या सात वाजता ड्यूटीवर दिसायला हवीस." बाई समजूतदार दिसतात. आणि मग तू लिहिलं आहेस, "तेव्हा तुमची आठवण आली, बाबा. तुमच्या हातूनही असंच झालं असणार. मी फार बोलले. आता माझ्या मनात काही नाही." ही ओळ मी काल चारपाच वेळा वाचली. आज सकाळी पुन्हा वाचली.

सतरा मार्चला छोटीला घेऊन येतेस, जरूर ये. न्हाणीघरातला नळ गळतो, तो तोवर दुरुस्त करून घेतो. तुझी खाट भिंतीपासून सरकवली, मागे ओल आली होती. छोटी आता सहा वर्षांची, म्हणजे तुझ्या जुन्या अभ्यासाच्या टेबलाला तिचे पाय पुरतील की खाली पाट लागेल, ते कळव.

त्या दिवसाबद्दल तू विचारलेलं नाहीस. तरी एकदाच लिहून टाकतो, म्हणजे समोरासमोर बोलावं लागणार नाही. माझ्या खिशात होतं ते भरती-ओहोटीचं कोष्टक बंदराचं. बेटावर पाणी बंदराच्या पन्नास मिनिटं आधी उतरतं. ती पन्नास मिनिटं वजा करायची राहिली. नाव वाळूत बसली, तीनची फेरीबोट गेली आणि पुढची गुरुवारी होती. सोमवारी सकाळी आठला तुझ्या इस्पितळात आईच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवलेली खाट दुसऱ्या रुग्णाला गेली. एकतीस वर्षं भरती-ओहोटीची कोष्टकं करणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं. अंत्यविधीहून परतल्यावर तू म्हणालीस, "आयुष्यभर एकच काम केलंत बाबा, आणि तेच चुकलात."  

पण तू विसरायचं म्हणतेस तर आता तो विषय नको.

प्रकृती ठीक. थंडी कमी झाली आहे. जावईबापूंना नमस्कार.

तुझे
बाबा


१४ फेब्रुवारी

चि. बाळ,

पाट लागेल असं कळवलंस. काढून, धुऊन वाळत ठेवला आहे.

तू विचारतेस, आई बेटावर कशी होती. लिहितेस, "मी फक्त बोट का चुकली एवढंच विचारत राहिले. बाकीचे दिवस कसे गेले ते कधी विचारलंच नाही." तेव्हा विचारलं असतंस तर मला सांगता आलं नसतं. आता सांगतो. लिहिण्यातला मी नव्हे, जसं झालं तसं लिहितो.

तुला ठाऊकच आहे, बंदर कार्यालयात मी आतल्या खोलीत आकडे करायचो आणि तुझी आई बाहेर फोनवर ते वाचून दाखवायची. एकोणीस वर्षं. पहाटेपासून लाँचवाले, मासेमार, मिठागरवाले फोन करायचे, "बाई, पाणी कधी?" आणि ती सांगायची. स्वतः मात्र धक्क्याच्या पुढे कधी गेली नाही. "सगळ्यांना मी समुद्रावर पाठवते, मला कोणी नेत नाही," हे ती माझ्याकडे न बघता म्हणायची. मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायचो.

पोटाच्या तिसऱ्या ऑपरेशनची तारीख तू ठरवलीस आणि त्या आठवड्यात ती म्हणाली, "आता तरी न्या." तू फोनवर आधी चिडलीस, मग गुरुवारी जायचं, रविवारी परत, या अटीवर सोडलंस, आणि अकरा सूचना लिहून पाठवल्यास. त्यातल्या नऊ आम्ही पाळल्या.

फेरीबोट पाच तासांची. बाकावर शेजारी एक शिंपी होता, शिलाईयंत्राचं मुंडकं गोधडीत गुंडाळून लेकरासारखं मांडीवर घेऊन बसलेला. तुझ्या आईने त्याला विचारलं, "निघायला उशीर का हो होतोय?" एवढंच. वरच्या जिन्यावरून बोटीचा कप्तान उतरत होता, तो थबकला. परत दोन पायऱ्या वर गेला, पुन्हा उतरला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाई, पुन्हा एकदा बोला काहीतरी."

"काय बोलू?" ही घाबरली.

"तुम्ही बंदराच्या फोनवरच्या ना?"

त्याने तिला वर नेलं, सुकाणूपाशी, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या कपातून चहा दिला. मी मागे उभा. माझी कोणी चौकशी केली नाही. "मला वाटायचं तुम्ही चांगल्या सहा फुटी असाल," तो म्हणाला. "फोनवर उंची कोण बघतं," ही म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली होती. मग त्याने खालच्या यंत्रवाल्यालाही बोलावून घेतलं. "ह्याच त्या," असं सांगितलं. यंत्रवाल्याने हातातलं फडकं खिशात कोंबलं आणि तिला नमस्कार केला. म्हणाला, "तुमचा आवाज ऐकल्याशिवाय आम्ही दोर सोडत नव्हतो." ती बाहेर समुद्राकडे बघत बसली. मी तिचा चेहरा पाहिला नाही, पण ती दोन्ही हातांनी कप धरून बसली होती आणि तो केव्हाच रिकामा झाला होता.

दुसऱ्या तासाला मला उलटी झाली. हसू नकोस. समुद्राच्या पाण्यावर एकतीस वर्षं भाकरी खाल्ली, पण बसलो नेहमी खुर्चीवर. तुझी आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आजारी कोण आणि पिशवी कोणाच्या तोंडाशी." शिंप्याने मला लिंबू दिलं. उतरेपर्यंत मी ते हुंगत होतो.

खोली एका विधवा बाईंच्या घरात मिळाली. वर पत्रा, दोन खिडक्या, एकीतून माड दिसायचे आणि दुसरीतून बाईंची वाळत घातलेली धुणी. बाई चौकशा करत नव्हत्या. आईच्या ताटात काय उरतं ते बघायच्या आणि दुसऱ्या वेळी तेवढं कमी वाढायच्या. न्हाणीघरात एक खेकडा राहायचा. आईने त्याचं नाव हेडक्लार्क ठेवलं, कारण तो बाजूने यायचा आणि काही न करता परत जायचा. ती आत जाताना दार वाजवून विचारायची, "साहेब आहेत का?"

सकाळी माझा दंड धरून ती किनाऱ्याने चालायची. पन्नास पावलं, मग बसायचं, मग पन्नास. दुपारी झोपायची. तिथली हवा उबट, सगळं चिकट व्हायचं, उशीचा अभ्रासुद्धा. तिला ते आवडायचं. म्हणाली, "इस्पितळात सगळं फार कोरडं असतं." टोपी तिने घातली नाही. ती तुझी चौथी सूचना होती. आणि अकरावी, रोज संध्याकाळी फोन करायचा, ती पाळता आली नाही, कारण टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नव्हता आणि मी तिला एकटीला सोडत नव्हतो.

छोटी विचारते, आजी समुद्रात गेली होती का. हो म्हणून सांग. चांगली बसली होती पाण्यात.

रविवारचं तुला माहीतच आहे. ते पुन्हा लिहीत नाही.

नळवाला उद्या येतो म्हणाला आहे. गेल्या आठवड्यातही उद्याच येणार होता.

तुझे
बाबा


१७ फेब्रुवारी

चि. बाळ,

आधीचं पत्र तुला एव्हाना मिळालं असेल. त्याच्या शेवटी मी लिहिलं, रविवारचं तुला माहीतच आहे. तुला माहीत नाही.

पाकीट पेटीत टाकलं आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. पेटी उघडायला टपालवाला साडेचारला येतो. त्याला विचारून ते परत मागून घ्यावं असंही वाटलं. मग घरी आलो. तीन दिवस झाले, नळ दुरुस्त झाला, तुझी खाट झाली, आणि प्रत्येक गोष्ट करताना मला वाटत होतं की हे मी चोरून करतो आहे.

तू ज्या चुकीसाठी मला माफ केलंस ती चूक मी केली नाही. पन्नास मिनिटं वजा करायची राहिली नव्हती. ती वजा करायची मी मुद्दाम टाळली.

शाळा सुटल्यावर तू आईच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचीस. आठवून बघ, ती फोनवर शेवटी काय म्हणायची. "बेटाकडे जाणार असाल तर पन्नास मिनिटं वजा करा." दिवसातून दहा वेळा म्हणायची. मी एक वेळ विसरलो असतो. ती विसरली असती का? तू कधी हा विचार केला नाहीस याचं मला नवल वाटायचं, आणि बरंही वाटायचं.

रविवारी सकाळी नऊला आम्ही नावेतून निघालो. नावाडी साठीचा, काटक, सतत बोलणारा. त्याच्या झोपडीत आमच्या कार्यालयाचं हिरव्या कव्हराचं कोष्टकाचं पुस्तक खिळ्याला टांगलेलं होतं. ते मी केलेलं, हे कळल्यावर म्हणाला, "माझी बायको यायच्या आधीपासून हे घरात आहे. आणि हे मला कधी उलट बोललं नाही." बेटाच्या पलीकडच्या अंगाला बुडालेल्या खडकांचं मोठं कडं आहे. त्याच्या आत पाणी कमरेइतकं, कोमट, तळाची वाळू दिसते. आत शिरायला एकच फट. पाणी उतरलं की फट बंद, आणि पुन्हा भरेपर्यंत नाव आतच. त्या दिवशी अकरा पन्नासच्या आत बाहेर पडायला हवं होतं. कोष्टकात बारा चाळीस लिहिलेलं होतं.

तुझी आई कपड्यांसकट पाण्यात बसली. मी गुडघ्यापर्यंत पँट दुमडून शेजारी उभा. पाणी तिच्या काखेपर्यंत येत होतं. ती म्हणाली, "इथे दुखत नाही." मला वाटलं आज दुखत नाही म्हणते. तर म्हणाली, "पाण्यात वजनच नाही मला. पोट कोणी तरी खालून धरल्यासारखं वाटतंय." दोन महिन्यांनी तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. तू परिचारिका आहेस, माणूस दुखणं सोसताना खांदे कसे वर धरून ठेवतो ते तुला सांगायला नको.

"किती वाजले?"

"साडेअकरा. वीस मिनिटांत निघायला हवं. कोष्टकात बारा चाळीस आहे, पण..."

"मला सांगता?"

ती हाताने पाणी इकडून तिकडे सारत होती.

"नाही निघालो तर?"

"नाव अडकेल. सहा वाजतील सुटायला."

"आणि फेरी तीनची."

"हो."

"अहो, मला जायचं नाही."

मी म्हटलं, "बस पाच मिनिटं अजून."

"पाण्याचं नाही म्हणत. सोमवारचं म्हणते. मला पुन्हा त्या टेबलावर जायचं नाही."

मी पाण्यातच खाली बसलो. घड्याळ भिजलं. मी तिला ऑपरेशनने बरं होण्याचा डॉक्टरांनी सांगितलेला आकडा सांगितला, शंभरात पंचवीस. तो तिलाही ठाऊक होता. म्हणाली, "दोनदा उघडून पाहिलं त्यांनी मला. तिसऱ्यांदा आत काय नवीन सापडणार आहे? आणि सापडलं तरी मी किती दिवस उताणी पडून राहायचं? मला असं बसायचं आहे."

"मग तिला फोन करून सांगू," मी म्हटलं. "मी टेकडीवर चढतो."

"ती त्या डॉक्टरांच्या दारात किती दिवस उभी होती माहीत आहे ना? दोन महिने. रजा घालून. तिला नको म्हणायला मला जमायचं नाही. ती रडेल, मी हो म्हणेन, आणि मग ते सगळं मी तिच्यासाठी करून घेईन. तसं नको." मग म्हणाली, "बोट चुकली तर कोणाला काही म्हणावं लागणार नाही."

"मला म्हणेल की."

"हो. तुमच्यावर रागावेल. चालेल?"

मी चालेल म्हणालो. किती दिवस ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तेवढ्यात नावाड्याने हाक मारली, "साहेब, चला आता, पाणी निघालं." मी खिशातून कोष्टक काढलं, त्याला लांबूनच दाखवलं आणि म्हटलं, "अजून वेळ आहे. बारा चाळीस दिलं आहे." आयुष्यात मी पाण्याबद्दल खोटं बोललो ते तेवढंच. त्याने आधी फटीकडे पाहिलं. त्याला ते पुस्तक नको होतं, चाळीस वर्षं तो त्या फटीतून ये-जा करत होता. मग त्याने तुझ्या आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. "पुस्तकात असेल तर असेल बुवा," तो म्हणाला आणि नावेत टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला.

बाराला नाव टेकली. पाणी गेलं, सगळीकडे ओली वाळू झाली आणि आम्ही तिघं नावेच्या सावलीत बसलो. नावाडी उठून म्हणाला, "गावभर सांगणार आहे मी. कोष्टकवाल्या साहेबाने माझी नाव वाळूत बसवली." तुझी आई इतकी हसली की पोट धरावं लागलं. तीन वाजता बेटाच्या मागून बोटीचा भोंगा ऐकू आला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भोंगा थांबेपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाली, "भूक लागली." गेल्या कित्येक आठवड्यांत तिने तो शब्द उच्चारला नव्हता. नावाड्याकडे पाव होता आणि उकडलेली अंडी. तिने दीड अंडं खाल्लं.

पुढचे चार दिवस ती रोज पाण्यात बसली. आता तुला शेवटचं सांगतो, तेही मी लपवलं होतं. तिचं ऐकलं म्हणून मी तसं केलं, हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मलाही ते चार दिवस हवे होते. ती जायचं म्हणाली असती तर मी तिला पाठीवर घेऊन फटीबाहेर चालत गेलो असतो. जायचं नाही म्हणाली तेव्हा मी एकदाच टेकडीचं नाव काढलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण ती हो म्हणाली असती अशी मला भीती वाटली.

शंभरात पंचवीस म्हणजे शून्य नव्हे. मी आकड्यांचा माणूस आहे, मला ते कोणी सांगायला नको. तू पुढे तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळवलीस, आई फोनवर बरं म्हणाली, आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधी गेली. ते पंचवीस मी रोज हिशोबात धरतो.

तिने मला सांगायला बंदी केली होती. ती मी आज मोडली, कारण तू वॉर्डातल्या तुझ्या चुकीशेजारी माझी चूक ठेवलीस. तुझी खरी आहे. तू दोन दिवस जेवली नाहीस असं लिहिलंस. तिच्या शेजारी ही खोटी मला ठेवता येईना.

सतराला येण्याबद्दल आता तुझं काय ठरेल ते मी गृहीत धरत नाही.

तुझे
बाबा


१२ मार्च

चि. बाळ,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. एकच ओळ आहे, खाली सही नाही. "आई मला घाबरत होती का?"

तीन दिवस उत्तर लिहितो आहे. सोपं उत्तर "नाही" हे आहे, आणि ते लिहिलं की तुला बरं वाटेल. पण मग मागचं पत्र लिहायचंच नव्हतं.

तुला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून तू तिला तपकिरी बूट आणले होतेस. ते तिला एक नंबर लहान होते. खोक्यात पावती होती, दुकानात बदलून मिळाले असते. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "अहो, तिने किती दुकानं फिरून आणले आहेत." वर्षभर वापरले. करंगळ्यांना पट्ट्या लावून ऑफिसात जायची. तू घरी यायचीस तेव्हा मुद्दाम तेच घालून फाटकापर्यंत यायची. तुला ते आज कळतं आहे, कारण आम्ही दोघांनी कळू दिलं नाही.

ती तुला घाबरत नव्हती. तू आणलेलं परत करायला घाबरायची. बूट, औषधं, ती खाट. तू नेहमी फार लांबून, फार धावून काही तरी घेऊन यायचीस आणि दारात उभी राहून आमच्या तोंडाकडे बघायचीस. लहानपणापासून. तेव्हा आमच्या तोंडून नको निघायचं नाही. यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. आम्ही तुला नको म्हणून दाखवलं असतं तर तुलाही ऐकायची सवय झाली असती. ते आईवडिलांचं काम होतं. तिच्यापुरतं मी बोलत नाही, पण माझं राहिलं.

आणि शेवटचे सहा दिवस, तू आलीस ते. तू तिचे केस विंचरत होतीस, पाय चेपत होतीस, सलाईन कमीजास्त करत होतीस. तू पाणी आणायला बाहेर गेलीस की ती मला म्हणायची, "हिचे हात बघितलेत? किती गरम असतात." दोनदा म्हणाली. एकदा म्हणाली, "सांगू का हिला?" मी म्हटलं, "सांग." तेवढ्यात तू आत आलीस, तिच्यासाठी नवीन मऊ उशी घेऊन. तिने उशी डोक्याखाली घेतली आणि "छान आहे" म्हणाली. तेव्हा राहिलं ते राहिलंच. हे वाचून तू रडशील. मी हे लिहिलं, कारण सांगण्याच्या किती जवळ ती आली होती ते तुला कळावं.

तू तिच्यावर रागावली असशील तर रागाव. माझ्यावर चौदा महिने रागावलीस, त्यातला निम्मा राग तिचा होता, तो तिला मिळालाच नाही. मी मध्ये पडणार नाही. तिची बाजूही घेणार नाही.

तू सतराचं काही लिहिलेलं नाहीस. म्हणून मी ठरवलं आहे. तू येऊ नकोस. छोटीची शाळा बुडवून, रजा काढून, मनात हे सगळं घेऊन तू इतक्या लांब यावंस आणि मी इथे तयार खाट घालून बसावं, हे मला बरोबर वाटत नाही. आजवर नेहमी तूच आलीस. सोळाला सकाळच्या गाडीने मी निघतो. सतराला दुपारी अडीचपर्यंत तुझ्या दारात असेन. सामान एका पिशवीइतकंच आहे.

दार तूच उघड. जावईबापूंना किंवा छोटीला पुढे करू नकोस. मला आत घ्यायचं नसेल तर तसं तोंडावर सांग. मी संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन आणि वाईट वाटून घेणार नाही. वाईट वाटेल, पण तुझ्यावर रागावणार नाही. म्हातारा इतक्या लांबून आला आहे म्हणून मात्र हो म्हणू नकोस.

माझं विचारशील तर मला आत यायचं आहे.

तुझे
बाबा